रजिस्ट्रीत नाव आहे, पण क्लेम केलाय का? बर्न पिटच्या धुरात राहून आलेल्यांसाठी

"रजिस्ट्रीत नाव आहे ना माझं, मग पुढचं व्हीए बघून घेईल." अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या गणपतीत आणि पॉटलकमध्ये हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा पडलंय, की आता ते ऐकलं की मी ताट बाजूला ठेवून समजावायलाच बसतो. कारण व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, असं स्वतःहून काही बघून घेत नाही. रजिस्ट्री, म्हणजे धुराच्या संपर्कात आलेल्यांची नोंदवही, एका खिडकीवर; आणि क्लेम, म्हणजे नोकरीमुळे झालेल्या आजाराची नुकसानभरपाई मागणारा अर्ज, दुसऱ्या खिडकीवर. पहिल्या खिडकीवर नाव असल्याने दुसरीवरची फाइल इंचभरही हलत नाही.

हा लेख अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्यांसाठी आहे. मॅव्हनी या परदेशी नागरिकांना सैन्यात घेणाऱ्या योजनेतून, हिंदी येतं या जोरावर भरती झालेले आहेत. इथेच वाढून नॅशनल गार्डमध्ये किंवा रिझर्व्हमध्ये गेलेली मुलं-मुली आहेत. त्यांच्या बायका, नवरे आणि आईवडीलही आहेत, कारण कागदपत्रं बहुतेक वेळा तेच सांभाळतात. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्यांना यातलं काही लागू होत नाही. त्यांची व्यवस्था ईसीएचएसची, ती वेगळी.

आधी धुराबद्दल

इराक आणि अफगाणिस्तानातल्या तळांवर कचरा उचलून न्यायला नगरपालिका नव्हती. खड्डा खणायचा, सगळा कचरा त्यात ढकलायचा आणि जेपी-८ हे विमानाचं इंधन ओतून पेटवायचं, अशी पद्धत होती. 'सगळा कचरा' म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटल्या, बॅटऱ्या, रंगाचे डबे, टायर, दवाखान्यातला कचरा आणि शौचालयातला मैलासुद्धा. इराकमधल्या बलादच्या तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता आणि तो रात्रंदिवस जळत असे. हेच ते बर्न पिट.

धूर फक्त खड्ड्यांचाच होता असंही नाही. १९९१ मध्ये कुवेतमध्ये सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या गेल्या. २००३ मध्ये इराकमधल्या अल मिश्राक इथल्या गंधकाच्या कारखान्याला आग लागली. त्याच वर्षी करमत अलीच्या पाणी-प्रक्रिया केंद्रात सैनिक क्रोमियमच्या भुकटीत काम करत होते. व्हिएतनामच्या पिढीला एजंट ऑरेंज या फवारलेल्या विषारी तणनाशकाने ग्रासलं, आणि त्याला सरकारी मान्यता मिळायला दशकं गेली. रजिस्ट्रीमागची कल्पना अशी: कोण कुठे होता याची नोंद आधीपासून असू द्या, म्हणजे पुढे शोधाशोध नको.

अशा धुराने आणि रसायनांनी आजारी पडलेल्यांना मदतीचा हक्क देणारा २०२२ चा पॅक्ट कायदा आला तोही अशा विलंबाच्या रागातून. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी १० ऑगस्ट २०२२ ला त्यावर सही केली. ओहायो नॅशनल गार्डचे सार्जंट फर्स्ट क्लास हीथ रॉबिन्सन २०२० मध्ये फुफ्फुसाच्या दुर्मिळ कर्करोगाने गेले, त्यांचं नाव या कायद्याला दिलंय.

नाव नोंदवावं का?

हो. पण २०१४ च्या आणि आजच्या 'नोंदवण्या'त फरक आहे. बर्न पिट रजिस्ट्री जून २०१४ मध्ये उघडली तेव्हा ऑनलाइन बसून लांबलचक प्रश्नावली भरावी लागायची. पाऊण तास सहज जायचा आणि अर्ध्यात साइट अडकली की पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच फार थोड्यांनी ती पूर्ण केली. ज्यांनी केली त्यांतले बरेचसे आधीच आजारी होते, त्यामुळे त्या आकड्यांवरून 'धुराने आजार वाढतात का' हे ठरवणं अवघड झालं. नॅशनल अकॅडमीजच्या समितीने २०२२ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये व्हीएने उलटी पद्धत आणली. संरक्षण खात्याच्या तैनातीच्या नोंदींवरून ४७ लाखांहून जास्त जणांची नावं आपोआप रजिस्ट्रीत टाकली. आता प्रश्नावली नाही. ज्याला नाव नको असेल त्याने ते काढून घेण्याचा अर्ज करायचा. म्हणजे तुम्ही आखातात किंवा अफगाणिस्तानात गेला असाल तर बहुधा आत आहातच. माझं मत विचाराल तर नाव काढू नका. माहिती मोजकी असते, सेवा आणि तैनातीसंबंधीची. मदतीवर तिचा परिणाम होत नाही. आणि धुरामुळे झाले असं व्हीए गृहीत धरतं त्या आजारांच्या यादीत उद्या एखाद्या नव्या आजाराचा समावेश करायचा झाला, तर अशाच मोठ्या नोंदींचा आधार लागणार. जानेवारी २०२५ मध्ये ल्युकेमिया, मल्टिपल मायलोमा, मूत्राशयाचा कर्करोग असे आजार यादीत आले. ही यादी वाढत राहणारी आहे.

जुन्या पद्धतीत प्रश्नावली भरली असेल आणि तिची प्रत तुमच्याकडे असेल तर ती टाकून देऊ नका. त्या वेळी तुम्ही स्वतः लिहिलेली माहिती पुढे क्लेमला जोडता येते.

इतर रजिस्ट्र्या मात्र अजूनही मागून घ्याव्या लागतात. एजंट ऑरेंजची १९७८ पासून आहे, शिवाय गल्फ वॉरची आणि किरणोत्साराची आहे. यांत डॉक्टर प्रत्यक्ष तपासणी करतात, मोफत, आणि त्यासाठी व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव असण्याची अटही नाही. जवळच्या व्हीए रुग्णालयात फोन करून 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ कोऑर्डिनेटर' मागायचा. ऑपरेटरला हे पद माहीत नसलं तरी ते असतं, चिकाटीने विचारा. ही तपासणीसुद्धा क्लेमची तपासणी नव्हे, एवढं पुन्हा सांगतो.

पायरी पहिली: आजच, हा लेख वाचून झाल्यावर

'इंटेंट टू फाइल' द्या. मी क्लेम करणार आहे, एवढंच कळवणारा हा अर्ज, फॉर्म २१-०९६६. व्हीएच्या साइटवर क्लेम सुरू करून अर्धवट सेव्ह केला तरी तो लागतो, फोनवरही देता येतो. तुमची तारीख त्यामुळे वर्षभर राखून ठेवली जाते. त्या वर्षात पूर्ण क्लेम दिला आणि मंजूर झाला, तर पैसे साधारणपणे त्या राखीव तारखेपासून मोजतात.

याची किंमत बघा. आजाराने किती अपंगत्व आलं याचं व्हीए ठरवतं ते प्रमाण म्हणजे रेटिंग. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला तीस टक्के रेटिंगचे महिन्याला ५३७ डॉलर मिळत होते, करमुक्त. 'सगळी कागदं जमली की मग' म्हणत सहा महिने घालवले तर बत्तीसशे डॉलरच्या वर गेले, आणि ते परत येत नाहीत. रुग्णालयातली अपॉइंटमेंट, मुलांच्या परीक्षा, भारतवारी, यातल्या कशासाठीही ही पायरी थांबवायची गरज नाही.

अजून नोकरीत असाल आणि सुटायची तारीख ठरली असेल तर त्याहून चांगला रस्ता आहे. सुटण्याच्या १८० ते ९० दिवस आधी क्लेम देता येतो. तो हुकला तर निदान सुटल्यापासून वर्षाच्या आत द्या. मग मोजणी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते.

पायरी दुसरी: डीडी-२१४ नीट वाचा

डीडी-२१४ म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारा सेवेचा दाखला. सगळ्यांच्या घरी हा कागद असतो, फ्रेममध्ये किंवा पासपोर्टच्या पाकिटात, पण वाचलेला कुणी नसतो. तीन रकाने बघा. १२ व्या रकान्यात परदेशातल्या सेवेचा काळ असतो. १३ व्यात पदकं, आणि मोहिमेचं पदकही तुम्ही तिथे होता याचा पुरावा ठरतं. १८ व्यात 'रिमार्क्स', बारीक अक्षरांत. 'सर्व्हिस इन कुवेत' किंवा 'इराक' आणि पुढे तारखा बहुधा तिथे सापडतात. तैनातीचा उल्लेखच नसेल तर गांगरू नका. हुकूमपत्रं, प्रवासाचे कागद, तिथून मिळालेली शिफारसपत्रं काढून ठेवा. डीडी-२१४ ची प्रत हरवली असेल तर संरक्षण खात्याच्या मिलकनेक्ट या साइटवरून किंवा नॅशनल अर्काइव्ह्जकडून मागवता येते.

मग आपलं ठिकाण आणि तारीख कायद्याशी ताडून बघा. २ ऑगस्ट १९९० नंतर बहरीन, इराक, कुवेत, ओमान, कतार, सौदी अरेबिया, सोमालिया किंवा संयुक्त अरब अमिरात. अथवा ११ सप्टेंबर २००१ नंतर अफगाणिस्तान, जिबूती, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, उझबेकिस्तान किंवा येमेन. या देशांच्या वरचं आकाशही धरलं जातं, म्हणजे हवाई दलातल्यांनी 'मी जमिनीवर कुठे होतो' म्हणून मागे राहू नये. यांपैकी कुठेही असाल तर तुम्ही धुरात होता हे गृहीत धरलं जातं, सिद्ध करावं लागत नाही. कतारच्या वातानुकूलित कार्यालयात बसून काम केलेल्या लोकांना हे खोटं वाटतं, पण कायदा तसाच आहे.

तब्येतीच्या कागदांत एक खास शोधा: डीडी फॉर्म २७९६, तैनातीहून परतताना भरलेली आरोग्य-प्रश्नावली. त्यात धूर, रसायनं यांच्या संपर्काबद्दल विचारलेलं असतं. घरी जायचं विमान समोर दिसत असताना भरलेला फॉर्म तो. 'हो' लिहिलं तर आणखी थांबवून ठेवतील या भीतीने अनेकांनी सरसकट 'नाही' लिहिलेलं असतं. तुमचंही तसं असेल तर लपवू नका. ते का लिहिलं गेलं, हे आपल्या निवेदनात दोन ओळींत सांगा.

पायरी तिसरी: स्क्रीनिंग मागा

५ मार्च २०२४ पासून, सेवेत विषारी गोष्टींच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांना आधी क्लेम न करताही व्हीएच्या आरोग्यसेवेत येता येतं. फॉर्म १०-१०ईझेड. एकदा आत आलात की टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंगचा हक्क मिळतो, दर पाच वर्षांनी किमान एकदा. पाच-दहा मिनिटांची प्रश्नोत्तरं असतात. त्यात रक्तही काढत नाहीत आणि फुंकरही मारायला लावत नाहीत. म्हणून लोक त्याला हसतात, पण तुमच्या व्हीएच्या फाइलमध्ये 'या माणसाने अमुक ठिकाणच्या धुराबद्दल सांगितलं' ही नोंद त्यातून तयार होते आणि पुढचा डॉक्टर ती वाचतो. रजिस्ट्रीतलं नाव हे काम करत नाही, कारण रजिस्ट्री तुमच्या उपचारासाठी नाहीच.

पायरी चौथी: आजाराला नाव हवं

कायदा संपर्क गृहीत धरतो, आजार नाही. डॉक्टरांनी केलेलं निदान कागदावर लागतंच. आणि आपली मंडळी इथेच अडकतात. दम लागतो, पण 'वय झालं, वजन वाढलं' म्हणून सोडून देतात. नाक बारा महिने चोंदलेलं असतं, पण 'न्यू जर्सीचं परागकणांचं हवामान' म्हणून दुकानातून गोळ्या आणतात. कायमचं चोंदणारं नाक आणि जुनाट सायनस हे दोन्ही यादीत आहेत. सेवेनंतर निदान झालेला दमा आहे, जुनाट ब्राँकायटिस, सीओपीडी, फुफ्फुसांचा फायब्रोसिस, सार्कॉइडोसिस आहे. कर्करोगांत मेंदू, मूत्रपिंड, स्वादुपिंड, पचनसंस्था, श्वसनसंस्था, डोकं-मान, लिम्फोमा, मेलनोमा आणि प्रजननसंस्थेचे कर्करोग आहेत. व्हिएतनामच्या पिढीसाठी उच्च रक्तदाबही पॅक्ट कायद्याने आत घेतला.

सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला जाऊन डॉक्टरांना दाखवलं असेल तर ते कागदही चालतात. फक्त निदान इंग्रजीत, तारखेसह, वाचता येईल असं लिहून मागा. 'टॅब. सीटी १ ओडी × ५' एवढ्या चिठ्ठीतून व्हीएला काही कळत नाही.

एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. श्वासाची नेहमीची तपासणी, म्हणजे नळीत फुंकायची ती, 'नॉर्मल' आली की डॉक्टर फाइल मिटतात. पण कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकियोलायटिस हा सर्वांत बारीक श्वासनलिकांचा आजार त्या तपासणीत आणि एक्स-रेत लपून राहू शकतो. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ८० सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इराक-अफगाणिस्तानातून आलेले, पूर्वी पळणारे, आता धाप लागून मागे पडणारे तरुण. त्यांतल्या ४९ जणांच्या फुफ्फुसांची बायोप्सी केली, तेव्हा ३८ जणांत हा आजार सापडला. त्यातले बरेच मिश्राकच्या गंधकाच्या आगीजवळ होते. याचा अर्थ प्रत्येकाने बायोप्सी करून घ्यावी असा नाही, ती शस्त्रक्रिया आहे. पण अहवाल नॉर्मल आणि जिन्यात मात्र धाप, अशी अवस्था असेल तर 'मी बर्न पिटजवळ होतो, फुफ्फुसतज्ज्ञाकडे पाठवा' हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारा.

पायरी पाचवी: क्लेम

फॉर्म २१-५२६ईझेड. ऑनलाइन भरता येतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. अनेक काउंट्यांचे स्वतःचे अधिकारीही असतात. 'शंभर टक्के रेटिंग मिळवून देतो, वाढीव रकमेतून आमचा हिस्सा द्या' म्हणणाऱ्या कंपन्यांपासून चार हात लांब राहा. पहिला क्लेम तयार करून देण्यासाठी फी घ्यायला कायद्याने कुणालाच परवानगी नाही. मान्यता आहे की नाही, हे व्हीएच्या साइटवर नावाने शोधता येतं.

क्लेमबरोबरचं निवेदन स्वतः लिहा, इंग्रजीत. बहुतेक जण लिहितात: "तैनातीत मी धुराच्या संपर्कात आलो व त्यामुळे माझी प्रकृती बिघडली." यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच असं लिहून बघा: "२००७ च्या मे महिन्यापासून मी बलादला होतो. झोपायच्या ट्रेलरपासून खड्डा दिसायचा. रात्रपाळी करून झोपलो की उठल्यावर उशीवर काळे डाग असायचे आणि नाक शिंकरलं की काळं यायचं. कचऱ्याचा ट्रक खड्ड्याच्या काठापर्यंत नेणं हे माझं काम होतं. जाण्यापूर्वी मी दोन मैल पंधरा मिनिटांत पळत होतो. आता दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत एकदा थांबतो." कुठे, कधी, किती जवळ, काय काम, आधी कसं आणि आता कसं. विशेषणं शून्य. बरोबर असलेल्या सोबत्याने फॉर्म २१-१०२१० वर दोन परिच्छेद लिहून दिले तर उत्तम. बायकोचंही निवेदन चालतं. रात्री खोकल्याने कोण उठतं हे तिलाच माहीत असतं.

आजार यादीत नसला म्हणून दार बंद होत नाही. तेव्हा आजार आणि संपर्क यांचा संबंध डॉक्टरांच्या मतातून दाखवावा लागतो, आणि पॅक्ट कायद्यामुळे अशा प्रकरणांतही व्हीएला बऱ्याचदा स्वतःहून वैद्यकीय तपासणी आणि मत घ्यावं लागतं.

पुढे सी अँड पी, म्हणजे क्लेमसाठीच्या वैद्यकीय तपासणीला बोलावतील. तारीख चुकवू नका. न जाणाऱ्यांचे क्लेम तिथेच पडतात. आणि तिथे शिष्टाचार घरी ठेवून जा. डॉक्टरने "कसे आहात?" विचारलं की आपल्या तोंडून सवयीने "मजेत" निघतं, आणि ते तसंच्या तसं अहवालात उतरतं. वाईट दिवस कसा असतो ते सांगा. वाढवून मात्र अजिबात सांगू नका.

पूर्वी क्लेम नाकारला गेला असेल तर नवा नव्हे, पूरक क्लेम करायचा: फॉर्म २०-०९९५. कायदा बदलला हेच पुन्हा विचार करायला पुरेसं कारण आहे. ऑगस्ट २०२३ ची जी मुदत ऐकली होती ती मागच्या तारखेपासून पैसे मिळण्यापुरती होती. क्लेम करायला मुदत नाही.

घरच्यांसाठी, आणि भारतात परतलेल्यांसाठी

यादीतल्या आजाराने माणूस गेला असेल तर पती-पत्नीला, मुलांना आणि काही वेळा अवलंबून असलेल्या आईवडिलांना मदत मिळू शकते, मग त्याने हयातीत एकही क्लेम केलेला नसला तरी. पती-पत्नी आणि मुलांसाठी फॉर्म २१पी-५३४ईझेड. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नुसतं 'कार्डियाक अरेस्ट' लिहिलेलं असेल, तर मूळ आजार नोंदवून घ्यायला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे लवकर जा.

भारतात व्हीएचं रुग्णालय नाही. नुकसानभरपाई पुण्यात राहूनही मिळते, पण उपचाराचा खर्च 'फॉरेन मेडिकल प्रोग्राम'मधूनच, आणि तोही सेवेशी जोडलेला म्हणून व्हीएने मान्य केलेल्या आजाराचाच. त्यामुळे परतायचं ठरवलेल्या माणसाने इथे असतानाच क्लेमचा निकाल पदरात पाडून घ्यावा. दमा मान्य झालेला नसेल तर कोथरूडच्या फुफ्फुसतज्ज्ञाचं बिल कुणी भरणार नाही. मान्य झाला की फॉर्म १०-७९५९एफ-१ भरून त्या कार्यक्रमात नाव घालायचं. पुढे प्रत्येक बिलावर निदान, उपचाराची तारीख, डॉक्टरांचं पूर्ण नाव-पत्ता आणि रकमांची फोड लिहून घ्यायची. रुग्णालयाच्या काउंटरवर डिस्चार्जच्या वेळीच हे मागा, दोन महिन्यांनी मागितलं तर हेलपाटे घालावे लागतात.